उभ्या झाडाची कमाई

गोंदिया जिल्ह्याच्या खेड्यांत मे महिना म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे तोडायचा, पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, द्यायचे. त्याआधी मोहफुलं वेचून झालेली असतात. साग तोडला की पैसा एकदाच. मोह दरसाल देतो. शिवाय झाडी माती धरून ठेवते, तलावांत गाळ कमी जातो आणि त्या पाण्यावर धान पिकतं. ही किंमत कुठल्याच लिलावात लागत नाही!

शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तोड होते, नाही असं नाही. पण बेट राखून. पैसा ग्रामसभेच्या खात्यात जातो आणि गावातल्या माणसांना मजुरी गावातच मिळते.