छाती बांधणारा कामगार आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या माणसाने छाती बांधण्याच्या वस्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याचा श्वास मजुरीचा दर, वस्तूची किंमत आणि घरातील जागा यांवर अवलंबून आहे, त्याचा प्रश्न अर्थशास्त्राबाहेरचा कसा म्हणावा?

जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या पारलिंगी पुरुषांविषयी मी मुख्यतः बोलत आहे. आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा निकालात मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरविले. निकाल ग्रंथालयात राहतो. माणसाला मात्र सकाळी गर्दीतून कामावर जावे लागते. तेथे छातीचा उभार लक्षात आला की कुजबुज सुरू होते, आणि पुष्कळदा नोकरीही जाते. म्हणून तो छाती बांधतो. छाती भरदार असेल तर अधिक आवळावे असे त्याला वाटते, आणि घात तेथेच होतो.

पैसा नसलेला माणूस औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणतो किंवा चिकटपट्टी गुंडाळतो. ही दोन्ही साधने निषिद्ध मानावीत. बँडेज हालचालीबरोबर घट्ट होत जाते, बरगड्यांवर ताण येतो. चिकटपट्टीने कातडी सोलवटते. तथापि महाग ते निर्धोक, असेही समजू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील १८०० व्यक्तींच्या पाहणीत ९७ टक्क्यांनी पाठदुखी, धाप, खाज यांसारखा काही ना काही त्रास सांगितला, आणि त्यात बाजारात मिळणारे तयार बाइंडर वापरणारेही होते. त्याच पाहणीत मन स्थिर झाल्याचेही लोकांनी सांगितले, हे विसरून ‘बांधूच नका’ असा उपदेश करणे सोपे आहे. मला तो उपदेश उद्दाम वाटतो.

मोठ्या छातीला सपाट करण्याचा हट्ट सोडून तिचा आकार बदलावा, हे खरे सूत्र. पुढची बाजू न ताणणारी, पाठ लवचिक, आणि कमरेपर्यंत लांब असे वस्त्र घ्यावे. आखूड वस्त्राखालून मांस बाहेर येते व कडा शर्टातून दिसते. माप छातीच्या सर्वांत भरदार भागावर घ्यावे आणि एक माप लहान कधीही घेऊ नये. एकावर एक दोन बाइंडर चढवू नयेत. आठ तासांहून अधिक नको, झोपेत नको, व्यायामात नको. आठवड्यात एखादा दिवस पूर्ण सुट्टी. आपल्या उकाड्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचून बुरशी होते, म्हणून आत पातळ सुती बनियन हवे. धाप लागली, बोटे बधिर झाली, बरगडी दुखली की तत्क्षणी सोडावे. सुट्टीच्या दिवशी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल कपडा पुरतो.

वरच्या कपड्याचे काम मोठे असते. अंगाला चिकटणारे पातळ कापड टाळावे. गडद रंग, चौकडी, छातीवर दोन खिसे यांनी नजर चकते. आपल्या चळवळीचा जाड खादी कुर्ता आणि वरचे जाकीट याहून सोयीचा पोशाख मला तरी ठाऊक नाही! पुढारी तो पोट झाकण्यासाठी वापरतात, एवढेच.

खरी अडचण घरात आहे. एका खोलीत सहा माणसे राहतात. पार्सल कोण उघडणार? धुतलेले वस्त्र कोणत्या दोरीवर वाळणार? मग ते ओलेच अंगावर चढते. येथे पक्षाच्या शाखेला करण्यासारखे पुष्कळ आहे. पार्सलासाठी कार्यालयाचा पत्ता द्यावा, आणि ते न उघडता हाती पडेल याची हमी द्यावी. कार्यालयाच्या मागील खोलीत एक दोरी बांधावी. शिवणकाम करणाऱ्या आपल्या बचत गटांपैकी एखाद्याने नमुना उलगडून पाहावा, हप्त्याने पैसे घ्यावेत. माप घेण्यापूर्वी कोणी घ्यावे हे त्या व्यक्तीलाच विचारावे, आणि वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा.