उद्यापासून नक्की!
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘चालढकल’ या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्या सूनबाई हसल्या. त्यांचे म्हणणे असे, की या विषयात घरात तुमच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही. ते खरेच आहे. तेव्हा उपदेश करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एका वहीची हकिगत तेवढी सांगते.

माझी आत्या साताऱ्याकडच्या एका खेड्यात राहात असे. गावात पिठाची गिरणी आली आणि तिचे जाते पडवीत कोपऱ्याला लागले. पण जात्यावरच्या ओव्या काही तिच्या ओठांवरून गेल्या नाहीत. भाजी निवडताना, गोधडी शिवताना ती सहज गुणगुणे. माहेरच्या, भावाच्या, विठोबाच्या, सासुरवासाच्या अशा कितीतरी ओव्या तिला येत असत. २००९ च्या दिवाळीत मी ठरवले, की या सगळ्या लिहून काढावयाच्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही आणली. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले, खाली आत्याचे नाव लिहिले, कोपऱ्याला हळदकुंकू लावले. झाले! पुढची सहा वर्षे त्या वहीत एक अक्षर पडले नाही.

कारणे पुष्कळ होती आणि एकही खोटे नव्हते. घराला रंग द्यावयाचा होता, मुलीचे लग्न निघाले, मग तिचे बाळंतपण. मला पाहिजे होता एक सबंध मोकळा आठवडा. पण बायांनो, आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दूधवाल्याचे खाडे असतात, गॅस कधी लावला त्याची तारीख असते, संकष्टी असते. मोकळा आठवडा कोणत्याच महिन्यात छापलेला नसतो.

बरे, त्या अवधीत मी गावी गेले नाही असेही नाही. चारदा गेले. वही घरी. एकदा तर आत्यानेच विचारले, “आगं, लिवून घ्यायचं म्हनली हुतीस न्हवं? बस की.” मी म्हटले, “आत्या, असं घाईघाईत नको. सवडीनं बसू.” त्या वेळी माझ्या पिशवीत मोबाईल होता. बटण दाबले असते तर तिचा आवाजसुद्धा राहिला असता. त्या मोबाईलवर मी त्या दिवशी जेवणाच्या ताटाचा फोटो काढला. तो अजून आहे.

२०१५ च्या मार्गशीर्षात आत्या गेली.

तुम्हांला वाटेल, एवढा चटका बसल्यावर बाई खडबडून जागी झाली असेल. छे! वही मी साड्यांच्या खाली सरकवली. साडी काढताना पुठ्ठा हाताला लागला, की पोटात कालवे आणि मी कपाट लावून टाकी. अशी आणखी तीन वर्षे गेली. शिवाय एक विद्वत्तेची सबबही सापडली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचावयास, ऐकावयास मिळतात. मी मनाला म्हणे, एवढे मोठे काम होऊन गेले, आता माझ्या दहा ओव्यांना कोण विचारतो? पण त्या लाखांत माझ्या आत्याचा गळा नव्हता, हे मला ठाऊक होते.

पुढे या विषयावर थोडे वाचन केले. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्यूशिया सिर्वा यांनी २०१३ साली असे मांडले, की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा प्रश्न कमी आणि मनाच्या कुचंबणेचा अधिक. काम समोर आले की मनाला भय वाटते, कंटाळा येतो, लाज वाटते. ते टाळले की घटकाभर बरे वाटते. त्या घटकाभराच्या सुखासाठी आपण काम उद्यावर टाकतो. पिचिल यांनीच इतरांबरोबर २०१० साली विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. पहिल्या परीक्षेच्या वेळी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टंगळमंगळ कमी केली. हे वाचून मी चकित झाले. आपल्याकडे समजूत अशी, की मनाला टोचणी असली म्हणजे माणूस कामाला लागतो. माझ्या टोचणीने तर मला त्या कपाटापासून दूरच ठेवले होते.

ही कोंडी फोडली ती भजनात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मैत्रिणीने. ती आत्ता समोर बसली आहे, नाव घेतले तर रागावेल. २०१८ च्या श्रावणात तिने विचारले, “तुला स्वतःला किती आठवतात गं?” मी म्हटले, “असतील दहाबारा, त्याही अर्ध्यामुर्ध्या.” “मग अर्ध्यामुर्ध्या लिही की! सगळ्या कोण मागतंय तुझ्याकडे?”

दुसऱ्या दिवशी मी वही कपाटातून काढली आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवली. ठरवले एवढेच: दुपारच्या चहाचे आधण ठेवले, की वही उघडावयाची आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत लिहावयाचे. अधिक नाही. पहिल्या दिवशी दीड ओवी झाली. उरलेल्या अर्धीसाठी जागा कोरी सोडली.

ही युक्ती माझ्या बुद्धीची नव्हे, गरजेची होती. पण तिलाही शास्त्राचा आधार निघाला. जर्मनीत पीटर गोलविट्झर यांनी आपल्या सहकारी ब्रांडश्टेटर यांच्यासह विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक निबंध लिहावयास सांगितला होता. तो प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. कधी आणि कोठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतले, त्यांच्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश जणांनी तो वेळेत पुरा केला. बाकीच्यांत हे प्रमाण एकतृतीयांशच भरले. ‘सवडीने’ आणि ‘आधण ठेवल्यावर’ यांत एवढे अंतर आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि अक्षरओळख तर लग्नानंतरची. त्या थोर, माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण वयाची सबब सांगावीशी वाटली, की मी ते पुस्तक हातात घेते आणि गप्प बसते.

एक मात्र सांगितले पाहिजे. जिच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, तिला मी ‘वेळ काढा’ म्हणणार नाही. तिची ती चालढकल नव्हे. तसेच प्रत्येक संकल्प तडीला नेलाच पाहिजे, असेही नाही. माझी बाजाची पेटी वीस वर्षे माळ्यावर होती. ‘शिकेन, शिकेन’ म्हणत होते. २०१९ साली ती भाचीच्या मुलीला देऊन टाकली आणि खरे सांगते, मला हलके वाटले. ती हौस माझी नव्हतीच, शेजारणीचे पाहून आलेली होती.

वहीचे पुढे काय झाले? कोऱ्या जागा भरण्यासाठी मी गावाकडच्या वहिनीला फोन केला. तिने अर्धी ओवी सांगितली आणि पाठोपाठ नव्या तीन. तिने आपल्या जावेला विचारले, जावेने आईला. आज वहीत १४३ ओव्या आहेत, पैकी अकरा अपुऱ्या. आत्याला एकंदर किती येत होत्या, ते आता कळावयाचे नाही.

त्या अकरांपैकी एक भावाच्या घोड्याची आहे. बहीण दारात उभी आहे, लांबून धूळ दिसते, एवढे आत्याच्या तोंडून ऐकलेले मला पक्के आठवते. पुढचा चरण काही केल्या सापडत नाही. आपल्यापैकी वाई, कोरेगाव, पाटण या बाजूच्या माहेरवाशिणी पुष्कळ आहेत. कार्यक्रमानंतर चहा आहे. मी दारापाशीच्या खुर्चीवर बसणार आहे, वही बरोबर आणली आहे.