पिंजऱ्यापुढचा वाद



विद्वानांच्या या व्यासपीठावर आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला बोलावलेत, याबद्दल आभार. आमचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकीत झाले. तेव्हा प्राणिसंग्रहालयावर हा गृहस्थ काय बोलणार, असे कोणास वाटले तर नवल नाही. पण वाद कसा घालावा आणि तो कसा नासतो, हे आम्ही जन्मभर पाहत आलो.

मुंबईची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. भोवती गिरण्या आणि चाळी होत्या. रविवारी पोरांना घेऊन जावे, अशी कामगाराच्या खिशाला झेपणारी ती जागा. तेथे जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी. ऑक्टोबरात त्यांतला एक दगावला आणि शहरात रणकंदन माजले. एक बाजू म्हणे, ही उधळपट्टी. दुसरी म्हणे, हा मुंबईचा मान. पक्षी बाजूला राहिला, त्याचा झेंडा झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिल्लू जन्मले तेव्हा कौतुक. आठवड्याभरात ते गेले तेव्हा पुन्हा शिव्याशाप.

मध्यंतरी, ऑगस्ट २०१७ पासून, बागेचे तिकीट मोठ्या माणसाला पाच रुपयांवरून पन्नास झाले. आईबाप आणि दोन मुले मिळून शंभर. आमच्या मते खरा वाद येथे व्हायला हवा होता. आणि रोज पिंजरा धुणारा, मासळी भरवणारा माणूस? त्याचे मत कोणी विचारले?

दोष दुसऱ्यालाच देतो असे नाही. एका सभेत आम्हीही टाळ्यांच्या मागे लागलो आणि सफाई कामगारांच्या हातमोज्यांची मागणी वाचायचीच राहिली. ती बोच अजून आहे. गेटवर घोषणा चालतात. वाटाघाटीला बसल्यावर हजेरीपट लागतो.

आता आपल्या शिवाराकडे या. माळावर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत, हे येथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने ती मेली; मेलेल्या गुराचे मांस खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणातील पिंजोरला गिधाडे पिंजऱ्यात वाढवली. २०२४ साली त्यांतली काही आपल्या पेंच आणि ताडोबात आणली. सारी जगतीलच असे नव्हे. पण तो पिंजरा तुरुंग नव्हता, बाळंतिणीची खोली होती.

म्हणून ‘पिंजरा हवा की नको’ एवढ्यावर भांडू नका. तीन प्रश्न विचारा. हे जनावर येथे कशासाठी आहे? त्याची निगा कोण राखतो आणि त्याला पगार काय? गरिबाच्या पोराला ते पाहता येते का? १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेवाचून प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. तेव्हा विचारायला दारही आहे.

पुढच्या सहलीला गेवराईची मुले संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जातील, तेव्हा राखणदाराशी दोन शब्द बोलायला त्यांना जरूर सांगा. मुके जनावर बोलत नाही, हे खरे. पण त्याच्याजवळ उभा असलेला माणूस बोलू शकतो. त्याचे ऐकणे आपल्या हाती आहे.