क्वीन : हुकलेली मैफल
विद्युत गिटार, ड्रम आणि बुलंद गायन यांवर उभ्या असलेल्या रॉक संगीतातील जे वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकता आले नाहीत म्हणून रसिक हळहळतात, त्यांत ब्रिटनच्या ‘क्वीन’चे स्थान फार वरचे आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी हा त्याचा गायक. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीत, त्याने आलाप घ्यावा आणि सुमारे ७२ हजार श्रोत्यांनी तो तसाच परत करावा, असा सवाल-जवाब रंगला. ते सादरीकरण रॉकचा कळसच मानावे लागेल. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे मर्क्युरी क्वीनसह रंगमंचावर अखेरचा गायला आणि १९९१ मध्ये त्याचे निधन झाले. वेम्बलीचे चित्रण उपलब्ध असून रसिकांनी ते आवर्जून पाहावे.