गटाराच्या काठचे पाहुणे



इथून, मंद्रूपपासून जवळच हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते आणि तिथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. अशा तालुक्यात सभेच्या अध्यक्षाने काहीतरी भारदस्त बोलावं, अशी तुमची अपेक्षा असणार. मी मात्र गटारावर बोलणार आहे. हसा, हरकत नाही.

माझा जन्म चाऱ्या, मोऱ्या आणि उतार मोजण्यात गेला. एका वसाहतीकडेला पावसाचं पाणी मुरावं म्हणून मी उथळ तळं केलं. काठाला दगडी पिचिंग, वर दाट लॉन, भोवती झुडपं. उद्घाटनाचे फोटो झकास आले. आपल्याकडे पाऊस खरा धरतो तो सप्टेंबरात. त्याच सप्टेंबरात फोन आला, ‘साहेब, साप निघाला.’ गेलो तर पायरीशी दोन हात लांबीची दिवड ठेचून टाकलेली. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे, तोंडात अर्धा गिळलेला बेडूक. बिनविषारी जनावर ते!

पिचिंगचे दोन दगड काढून पाहिले. खाली घुशींची बिळं, बिळांत पावाचे तुकडे आणि शिळा भात. वरच्या टपऱ्यांचं खरकटं रोज चारीतून तिथे उतरत होतं. म्हणजे जेवण त्यांचं, घर मी बांधून दिलेलं. साप बिनबोलावता आलाच नव्हता.

घूस नुसती धान्य खात नाही, काठ पोखरते. मग एका जोराच्या पावसात पिचिंग बसतं. तिला मारायला विष टाकावं, तर विष खाल्लेला उंदीर खाऊन धामण आणि घुबडही मरतात, आणि पुढच्या साली उंदरांना रान मोकळं. डुकरं आणि कुत्री येतात तीही त्या खरकट्यासाठीच. त्यांना हाकलण्यात दिवस घालवण्यापेक्षा टपरीवाल्याला झाकणाचा डबा द्या.

डासांची गोष्ट वेगळी. डासाला अंड्यातून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी तीन दिवसांत निघून गेलं पाहिजे, असा आमच्या धंद्यातला हिशेब. पण हा हिशेब मुरमाड जमिनीचा! आपली काळी माती भिजली की फुगते आणि बुजून बसते. परदेशी पुस्तकातला नकाशा इथे जसाच्या तसा उतरवला, तर हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासांची पैदास आपण सरकारी खर्चाने करतो. इथे तळाला वाळू-खडीचा थर आणि खालून पाणी काढून नेणारा पाइप हवाच. तो अंदाजपत्रकातून पहिल्यांदा कापला जातो, हेही तुम्ही जाणता.

तेव्हा मृगाआधी एवढं करा. काठालगतचं गवत घोट्याखाली ठेवा, पाइपच्या तोंडाला जाळी लावा, दगडांच्या फटी सिमेंटने भरा. तरीही नाग किंवा घोणस दिसली तर काठी शोधू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना संरक्षण आहे. वनविभागाला १९२६ वर फोन लावा. आणि कुणाला साप चावलाच, तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा.