बेटावरची लेणी आणि आपली वही

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे 'ऐतिहासिक वास्तू आणि त्यांचे महत्त्व'. विषय ऐकून काहींना वाटले असेल की आता दिल्ली-आग्र्याच्या गोष्टी ऐकाव्या लागणार. तसे काही नाही. लोकलचे तिकीट काढून सकाळी निघालो आणि संध्याकाळी घरी परत आलो, एवढ्याच अंतरावर आम्ही तुम्हाला नेणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायची आहे. आपण बेटावर राहतो. हसू नका, खरेच आहे! मुंबई शहर ही पूर्वी सात बेटे होती, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलेली आपली उपनगरे हेसुद्धा एक बेटच आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. या बेटाचे जुने नाव साष्टी. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावे, यावरून ते पडले असे सांगतात. पूल झाले, रेल्वे आली, आणि आपण पाणी ओलांडतो हेच आपण विसरलो.

या साष्टी बेटाच्या मध्यभागी डोंगर आहे, जंगल आहे. त्या जंगलात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. शिलालेखात या डोंगराचे नाव कण्हगिरी असे येते. कण्हगिरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. एकाच डोंगरात इतकी लेणी फार थोड्या ठिकाणी सापडतील. शिवाय याच बेटावर अंधेरीला कोंडिविटे येथे लेणी आहेत, ज्यांना लोक महाकाली लेणी म्हणतात. मागाठाण्यालाही आहेत. म्हणजे आपल्या बसच्या मार्गावर, आपल्या चाळींच्या आणि इमारतींच्या मागे बुद्धांचा धम्म दगडात उभा आहे.

आम्ही दरवर्षी वस्तीतल्या मुलांना घेऊन कान्हेरीला जातो. तेथे हमखास कोणी ना कोणी सांगणारा भेटतो की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. आम्ही लहान असताना आमच्या आजीनेही आम्हाला हेच सांगितले होते. बिचारीला दुसरे कोणी सांगितलेच नव्हते. पण बंधू-भगिनींनो, एका रात्रीची गोष्ट सांगितली की दोन गोष्टी पुसल्या जातात. एक, ज्यांनी घण आणि छिन्नी चालवली त्यांचे श्रम. दुसरी, ज्यांनी आपल्या कमाईतून दान दिले त्यांची नावे. खरे काय आहे? इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला येथे काम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे हे ठिकाण जागते राहिले. एक रात्र नव्हे, हजार वर्षे.

आता वास्तूकडे वळू. तीन क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठा चैत्य. तो दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात कोरला गेला. पण तो राजाने केलेला नाही. गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांचे ते दान आहे. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल वळण आणि त्या वळणात स्तूप. सभागृहाची लांबी सुमारे ८६ फूट, रुंदी सुमारे ४० फूट. वर कमानीसारखे छत. त्या छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या. कार्ल्याच्या चैत्यात तशा फासळ्या आजही दिसतात, कान्हेरीच्या मात्र गेल्या. दगडाला लाकडी फासळ्या कशाला? छत तर पडणार नव्हते! कारण आधीचे चैत्य लाकडाचे असत. कारागिरांच्या हाताला आणि उपासकांच्या डोळ्यांना त्या रूपाची सवय होती. दगडात आले तरी त्यांनी ओळखीचे घर सोडले नाही. कोंडिविट्याच्या चैत्यात तर गोल झोपडीसारखी खोली कोरून तिच्यात स्तूप ठेवला आहे. जाळीच्या खिडक्या आहेत, अगदी कुडाच्या झोपडीला असाव्यात तशा. साधी झोपडी आमच्या पूर्वजांना पूजेच्या जागी शोभली. आपल्याला मात्र आपल्या पत्र्याच्या घराची लाज वाटते.

आपल्यात गवंडीकाम करणारे पुष्कळ आहेत, त्यांना एक गोष्ट विशेष वाटेल. आपण घर बांधतो तेव्हा खालून वर जातो. पाया, भिंत, मग स्लॅब. लेणे वरून खाली कोरतात. आधी छत पुरे होते, जमीन शेवटी. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही. पण भिंत तिरकी झाली तर वीट काढून परत लावता येते. येथे दगड एकदा निघाला की निघाला. खांब कुठे सोडायचा, स्तूप कुठे सोडायचा, हे पहिल्या घावाआधी डोक्यात पक्के लागते. ज्यांना ही विद्या येत होती त्यांना अडाणी कोण म्हणेल?

त्याच चैत्यात आम्ही मुलांना खांब मोजायला लावतो. एकूण ३४ खांब आहेत. त्यांपैकी एका ओळीतल्या ११ आणि दुसऱ्या ओळीतल्या ६ खांबांनाच नक्षीचा पाया आणि माथा आहे. बाकीचे साधे, अष्टकोनी, उभेच्या उभे. काम अपुरे राहिले. पण म्हणून चैत्य बंद पडला का? मुळीच नाही. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे २३ फूट उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आहेत. त्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या, म्हणजे चैत्यानंतर तीनशे-चारशे वर्षांनी कोरलेल्या. तोवर आणि त्यानंतरही लोक त्या साध्या खांबांमधूनच प्रदक्षिणा घालत होते. नक्षी राहिली तरी चालले, वंदना राहिली नाही. हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

चैत्य पाहून बहुतेक लोक परत फिरतात. आमचे म्हणणे आहे की थोडे वर चढा. दगडातच पायऱ्या कोरल्या आहेत. वर भिक्खूंच्या राहण्याची लेणी आहेत, त्यांनाच विहार म्हणतात. त्यांची रचना बघा. पुढे छोटे अंगण, मग व्हरांडा, आत बसायला दगडी ओटे, त्याच्या आत झोपण्याची खोली. आणि व्हरांड्याच्या शेजारी जमिनीत कोरलेले पाण्याचे टाके. शिलालेखात त्याला 'पोढी' म्हटले आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचे टाके आहे. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने थेंब नाही. त्यांनी डोंगराच्या उतारावर पन्हळी कोरल्या, पावसाचे पाणी टाक्यात वळवले आणि वर्षभर वापरले. नळावर भांडण नाही, टँकरची वाट नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली ज्या समाजाला करावा लागला, त्या आपल्या समाजाने हे टाके डोळे भरून पाहिले पाहिजे. पाणी देणे हे येथे धम्मकार्य मानले जात होते.

अकरा क्रमांकाचे लेणे 'दरबार' म्हणून ओळखले जाते. नाव दरबार, पण येथे राजा बसत नव्हता. मोठा मंडप आहे, आत बुद्धमूर्ती, आणि मंडपाच्या मधोमध दोन लांबच लांब, बुटके दगडी बाक. वेरूळच्या पाच क्रमांकाच्या लेण्यात असेच बाक आहेत. सभेसाठी किंवा एकत्र भोजनासाठी ते असावेत असे अभ्यासक मानतात. बाकाची उंची सगळीकडे सारखी. एकाला उंच आसन, दुसऱ्याला खालची जागा, असे काही नाही.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. ही लेणी कोणी दिली? ते भिंतीवरच लिहिले आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, त्या काळच्या लोकांच्या बोलीला जवळ असलेल्या भाषेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने वाट दिली. सोपाऱ्याचे, चेमुल म्हणजे चौलचे व्यापारी आहेत. भिक्खुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या उपासिका आहेत, आणि त्या आपल्या नावाने आहेत. काहींनी 'अक्षयनीवी' दिली, म्हणजे आजच्या भाषेत कायम ठेव. मुद्दल तसेच राहायचे, उत्पन्नातून भिक्खूंना चिवर मिळायचे. एका लेखात मंगलस्थान या गावातल्या शेताचा उल्लेख येतो. मंगलस्थान म्हणजे आपले मागाठाणे! नवव्या शतकातल्या एका लेखात तर दुरुस्तीसाठी, चिवरासाठी आणि ग्रंथांसाठी वेगवेगळी रक्कम ठेवली आहे. ग्रंथांसाठी, हे ध्यानात ठेवा.

लोहाराने दिलेली वाट लहान की मोठी, हे कोणी विचारले नाही. ती दगडात लिहिली गेली. म्हणून अठराशे वर्षांनी आम्ही तुम्हाला सांगू शकतो की कल्याणहून एक लोहार येथे आला होता.

मागच्या सहलीत एक प्रसंग घडला. आमच्यातलाच एक मुलगा टोकदार दगड घेऊन भिंतीवर आपले नाव कोरू लागला. आम्ही रागावलो. तो घाबरला नाही. म्हणाला, "काका, ह्या भिंतीवर पण नावंच आहेत ना? त्यांनी लिहिलेलं चालतं, मग मी लिहिलं तर काय झालं?" क्षणभर आम्हालाही उत्तर सुचेना. मग आमच्यातल्या एका ताईंनी त्याला टाक्यापाशी नेले. म्हणाल्या, "त्यांनी आधी पाणी दिलं, मग नाव लिहिलं. तू काय दिलंस ते सांग, आपण लिहू." पोराने दगड खाली टाकला.

पण त्या दिवशी परत येताना गाडीत आम्हीच गप्प होतो. कारण ताईंचे ते वाक्य आम्हालाही लागले होते. आपल्या विहाराची जुनी वही तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? विहार पत्र्याचा होता तेव्हाची. तिच्यात दर महिन्याची वर्गणी लिहिली आहे. कुणाचा एक रुपया, कुणाचे आठ आणे. कुणी दोन घमेली वाळू दिली, कुणी रविवारची मजुरी दिली, कुणी बायकांनी रात्रभर पाणी भरून दिले. पुढे पक्की इमारत झाली, दाराशी संगमरवरी पाटी लागली. पाटीवर मोठ्या रकमांचीच नावे आली. वाळूची घमेली पाटीवर आली नाहीत. वही पेटीत पडून आहे, पाने सुटली आहेत, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. यात कुणा एकाचा दोष नाही. पाटी लावली तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

आणखी एक गोष्ट. त्या वहीत बायकांची नावे पाहा. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशीच आहेत. कान्हेरीत भिक्खुणीचे नाव तिचे स्वतःचे आहे. एवढ्या शतकांनंतर आपण पुढे आलो की मागे गेलो?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत जे विहार उभे राहिले, ते असेच घमेल्या-घमेल्याने उभे राहिले. त्यांनाही उद्या कोणी 'एका रात्रीत झाले' किंवा 'अमक्या पुढाऱ्याने बांधून दिले' म्हणेल. तेव्हा आपल्याजवळ दाखवायला काय असेल? आपला शिलालेख म्हणजे ती वही आहे.

म्हणून विहार समितीसमोर आम्ही नम्रपणे तीन गोष्टी मांडतो. पहिली, त्या वहीची स्वच्छ प्रत करावी. जी म्हातारी माणसे आज हयात आहेत त्यांच्याजवळ बसून 'अमक्याची आई' हिचे खरे नाव विचारून घ्यावे आणि सगळी नावे विहाराच्या आतल्या भिंतीवर लावावीत, रक्कम न लिहिता. दुसरी, या वर्षी फरशी बदलण्याचा विचार चालू आहे. फरशी जुनी झाली आहे हे खरे. पण अर्ध्या खांबांना नक्षी नसताना आपल्या पूर्वजांचे अडले नाही. आधी पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मुलांची अभ्यासिका करावी, फरशी मागाहून होईल. तिसरी, वर्षातून एकदा कान्हेरीला जावे, पण नुसती सहल म्हणून नको. जाताना पाणी न्यावे, येताना कचरा परत आणावा. स्तूपाला कुंकू, तेल, रंग लावू नये, मूर्तीवर हात ठेवू नये. दगड टिकाऊ आहे, पण अमर नाही.

आमचे बोलणे लांबले. लहान मुले पेंगू लागली आहेत. त्यांनाच एक सांगून थांबतो. बाळांनो, उद्या घरी आजीला विचारा, "आजी, विहार बांधताना तू काय दिलं होतंस?" ती म्हणेल, "काही नाही रे, दोन घमेली वाळू." ते लिहून आणा. वहीत आम्ही पाने कोरी ठेवली आहेत.

नमो बुद्धाय! जय भीम!