एक्लिप्सचा वंश

1 एप्रिल 1764 रोजी इंग्लंडमध्ये सूर्यग्रहण होते. त्याच दिवशी जन्मलेल्या शिंगराचे नाव पडले एक्लिप्स. पुढे हा घोडा 18 शर्यती धावला आणि एकही हरला नाही. अखेर त्याच्याविरुद्ध घोडा उतरवायलाच कोणी तयार होईना!

पण त्याचे खरे कर्तृत्व पागेत घडले. आजच्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांची पितृवंशरेषा एक्लिप्समार्फत त्याच्या खापरपणजोबापर्यंत, डार्ली अरेबियनपर्यंत जाते. डार्ली अरेबियन 1704 मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून यॉर्कशायरला आला. बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन हे या जातीचे इतर दोन मूळपुरुष.

घोड्यांचे नाव झाले, घोड्या मात्र विस्मृतीत गेल्या. हा अन्यायच म्हणायला हवा. कारण आईकडून येणाऱ्या जनुकांच्या अभ्यासात ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या स्थानिक घोड्यांचा, म्हणजे माद्यांचा, मोठा वाटा दिसून आला आहे.

1791 पासून इंग्लंडमध्ये या वंशावळींची छापील नोंदवही निघते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेडलाही आई-बापांची अशीच नोंद लागते. या नोंदीसाठी थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतन आजही चालत नाही.